आपण सुरतेस का आलो?

(पर्वत पाटिया, सुरत येथे मराठी भाषिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभर कापडबाजारात गठडी वाहून, मागावर उभे राहून किंवा रंगाई-छपाईच्या गिरणीत वाफ सोसून आलेल्या श्रोत्यांपुढे समाजशास्त्रासारखा विषय मांडावयाचा म्हणजे भुकेल्यापुढे पाककृती वाचण्यासारखे आहे, अशी शंका कोणासही येईल. परंतु जे शास्त्र समाजाचे म्हणवते त्याने समाजापुढे उभे राहण्यास संकोच का करावा? आणि सुरत हे शहर तर अशा विचारास मुळीच परके नाही. १८४४ साली याच शहरात ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. तिचे दोन प्रमुख आधारस्तंभ म्हणजे दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक आणि मराठी व्याकरणकार म्हणून आपणांस ठाऊक असलेले दादोबा पांडुरंग. जातिभेद का मानावा, मांत्रिकाचा मंत्र खरा कशावरून, असे प्रश्न हे लोक भर सभेत विचारीत. पुढे दादोबांची मुंबईस बदली झाली, दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा थंडावली. तरी चालत आलेल्या रीतीला ‘का?’ असे विचारण्याचा पहिला संघटित उद्योग सुरतेत एका गुजराती आणि एका मराठी मनुष्याने मिळून केला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांची आठवण आपण उठल्या-बसल्या काढतो. १८४४ ची मात्र काढीत नाही. असो.

मी आज जो ‘का?’ विचारणार आहे तो अगदी घरगुती आहे. आपण सुरतेस का आलो?

हा प्रश्न लिंबायत, गोडादरा, डिंडोली किंवा येथे पर्वत पाटियावर कोणाही वडीलधाऱ्या मनुष्यास विचारावा. बहुधा दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, ‘नशिबाने आणले.’ कोणी छाती पुढे काढून म्हणतो, ‘हिंमत होती म्हणून आलो, भाऊबंद तेथेच कुजत राहिले.’ दोन्ही उत्तरे मनापासूनची आहेत, दोन्ही अपुरी आहेत. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली आपल्या ग्रंथात एक भेद स्पष्ट केला. मनुष्याची खाजगी अडचण निराळी आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न निराळा, हा तो भेद होय. गावातून एक मनुष्य रुसून निघून गेला तर ती त्याची आणि त्याच्या घराची गोष्ट. परंतु एकाच खोऱ्यातील गावोगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शहराच्या गाडीत बसत असतील, तर नशीब आणि हिंमत या शब्दांनी भागत नाही. नशीब काय, फक्त शिंदखेडा आणि अमळनेर तालुक्यांतच वाटले जाते?

तापी नदीकडे पाहा. ती खानदेशातून वाहते, परंतु खोल पात्रातून. काठावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने तिचे पाणी डोळ्यांनी पाहावे, पिकास मिळेल तेव्हा खरे. तीच नदी गुजरातेत उतरली की काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे धरण तिला अडवतात. कालवे निघतात, बारडोलीच्या बाजूस ऊस उभा राहतो, साखर कारखाने चालतात. आणि तो ऊस तोडावयास कोण येतो? ज्यांच्या शेतास हे पाणी लाभले नाही ते खानदेशचे भूमिहीन आणि अल्पभूधारक. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि पावसाळा सरला की नवरा-बायकोने ‘कोयता’ म्हणून निघावयाचे. माणसांची मोजदाद जेथे अवजाराच्या नावाने होते, तेथे त्यांची किंमत काय असेल हे निराळे सांगावयास नको. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरातच्या खेड्यांत जाऊन अभ्यास सुरू केला. तेथील जमीनदार अनाविल आणि त्यांच्या घरी पिढीजात राबणारे दुबळा, म्हणजेच हळपती, यांच्या संबंधांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि पुढे खानदेशातून येणाऱ्या ऊसतोडणी मजुरांवरही लिहिले. त्यांना पडलेला प्रश्न असा की, गावात हळपती मजूर असता कारखाने दूरचा मजूर का आणतात? याचे उत्तर कोणत्याही मुकादमास ठाऊक असते. परगावचा मजूर रात्रीबेरात्री हाकेसरशी उठतो. आजारी मुलासाठी तो घरी पळत नाही, कारण घरच शंभर कोस दूर असते. स्थानिक मजुराशी भांडण झाले तर गाव मध्ये पडते, परक्यासाठी कोण पडणार? १९२८ चा बारडोली सत्याग्रह देशाने डोक्यावर घेतला आणि ते योग्यच झाले. पण त्या शेतांवर राबणाऱ्याचे नाव त्या इतिहासात किती वेळा येते, हेही कधीतरी मोजून पाहावे.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. खानदेशातून सगळेच निघाले नाहीत. रावेर-यावलकडे ज्याच्या विहिरीस पाणी होते तो केळीचा बागाईतदार झाला आणि घरीच राहिला. अगदी तळाचा जो होता तो शहरात स्थायिक होऊ शकला नाही, तो कोयता घेऊन येतो आणि उन्हाळ्यात परत जातो. सुरतेत खोली करून राहिला तो मधला. थोडी जमीन, थोडे अक्षरज्ञान, गाडीभाड्यापुरते पैसे आणि उतरल्यावर पाठ टेकावयास एक ओळखीचे घर, एवढे ज्याच्यापाशी होते तो. १९७२ च्या दुष्काळाने त्या मधल्याचाही धीर सुटला. सुरत-जळगाव लोहमार्ग तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापासूनच तयार होता. आणि नेमक्या त्याच दशकांत सुरतेत कृत्रिम धाग्याचे माग वाढत होते. १९६१ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांहून थोडी अधिक असलेली या शहराची लोकसंख्या २००१ साली २४ लाखांवर गेली आणि हद्दवाढीनंतर २०११ साली ४४ लाख ६७ हजारांवर. पर्वत हे गाव त्या पुरात शहराच्या पोटात गेले. कोरडी जमीन, रेल्वे, दुष्काळ आणि माग, या चार गोष्टी एका काळी एका रेषेत आल्या. हिंमत होतीच, ती मी नाकारीत नाही. पण रुळाखेरीज गाडी धावत नाही.

ही कथा केवळ आपली नाही, हे कळले म्हणजे मनास एक प्रकारचा आधार वाटतो. शंभर वर्षांपूर्वी पोलंडचे शेतकरी असेच अमेरिकेत शिकागोच्या कारखान्यांत गेले. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात त्यांच्यावर पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास मुख्य आधार होता या साध्या माणसांनी गावी लिहिलेल्या आणि गावाहून आलेल्या पत्रांचा. पहिले पत्र थॉमसच्या हाती कचऱ्यातून लागले अशी आख्यायिका आहे. त्या पत्रांतील विषय पाहावेत, तर पैसे पाठविले ते पोचले का, बहिणीचे लग्न ठरले का, धाकटा आता ऐकत नाही, जमिनीच्या वाटणीचे काय झाले, हेच. आपल्याकडे अशी पत्रे सुरतेहून पारोळ्यास आणि शहाद्यास किती गेली असतील! ती कोणी जपली नाहीत. आता तर दूरध्वनीवर बोलणे होते आणि हवेत विरून जाते.

आता दुसरा प्रश्न घेऊ, आणि माझ्या मते खरा काटा येथेच आहे. एका शहरात, एका पिढीत आलेल्या लोकांपैकी कोणी कारखानदार का झाला आणि कोणी कामगारच का राहिला?

सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा वाढला तेव्हा सौराष्ट्रातील खेड्यांतून पटेल समाजाची मुले येथे आली. तीही शेतकऱ्यांचीच मुले होती आणि तेथेही दुष्काळ होता. प्रारंभी तीही घंटीवर बसून हिरे घासणारीच होती. पण घंटीचा मालक बहुधा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच नात्यातला होता. धंद्यात दोघांचा विश्वास जडला की माल उधारीवर मिळे. चार वर्षे काम शिकले की नातेवाईकच म्हणत, ‘आता तू दोन घंट्या टाक, कच्चा माल मी देतो.’ म्हणजे मजूर आणि मालक यांच्यामध्ये एक शिडी होती आणि तिच्या पायऱ्या नात्याच्या होत्या. सगळेच ती चढले असे नाही. हिरे घासता घासता डोळे गेलेले आणि मंदीत घरी बसलेले त्यांच्यातही पुष्कळ आहेत. पण शिडी होती.

आपला मनुष्य मागावर गेला तेथे मालक त्याच्या गावचा नव्हता, जातीचा नव्हता, भाषेचाही नव्हता. त्याने बारा तासांची पाळी वीस वर्षे केली तरी मालक त्याला सूत उधार देईल असा संभव नव्हता. कसब त्याच्याही हातात होते. पत नव्हती. साडीबाजाराची पेढी राजस्थानी व्यापाऱ्याने उभी केली तीही नात्याच्या हुंडीवर उभी केली. पर्वत पाटियावर तो आपला शेजारी आहे, त्यास विचारावे, तो मोकळेपणाने सांगेल. तेव्हा ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे जे आपण स्वतःबद्दल एखाद्या म्हणीसारखे घोकतो, ते मला मान्य नाही. स्वभावाचा दोष म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा ओळखीच्या जाळ्याचे वर्णन असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले की, मनुष्यास नवी नोकरी मिळवून देण्यास जिवलग मित्रांपेक्षा दूरचे परिचित अधिक उपयोगी पडतात. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपणांसही आधीच ठाऊक असते. आपल्या वस्तीचे हेच झाले. भावाने भावास मागावर नेले, मेहुण्याने मेहुण्यास गिरणीत नेले. पहिल्या दिवशी ज्या ओळखीने पोटास भाकरी दिली, तीच ओळख पुढे कुंपण झाली.

यात जातीचा भाग किती, हेही झाकून ठेवू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला आणि पुढे १९३६ साली असे प्रतिपादिले की, जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्यांचीच चढत्या-उतरत्या क्रमाने केलेली वाटणी आहे. सुरतेच्या रिंग रोडवर उभे राहून पाहिले म्हणजे या विधानाचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. ओझे कोणाच्या पाठीवर आहे, वही कोणाच्या हातात आहे, आणि गटारात उतरावयाचे झाले तर कोणास बोलावतात? गाव सोडल्याने जात सुटते अशी आपली एक समजूत आहे. पाणवठ्यावरची सुटली असेल. खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते तेव्हा ती पुन्हा भेटते.

आणि स्त्रिया? २०११ च्या जनगणनेत या शहरात हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास स्त्रिया होत्या. हा आकडा नुसता वाचून सोडून देण्यासारखा नाही. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेला माग कामगार घरदार मागे ठेवून येतो. एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे लोक आळीपाळीने त्याच जागेवर झोपतात. खानदेशी मनुष्याने पुष्कळ प्रमाणात बिऱ्हाड आणले, म्हणून आपली वस्ती ‘वस्ती’ झाली, सप्ताह, गणेशोत्सव आणि लग्नाच्या वराती यांसह. पण बिऱ्हाडाबरोबर आलेल्या बाईचे काम कोठे नोंदले गेले? घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणे, किनार जोडणे, लोंबते धागे कातरणे हे काम नगावर चालते. रात्री स्वयंपाक आवरून ती बसते, मुले हाताशी असतात, आणि सरकारी माणूस विचारावयास आला की घरातील पुरुष सांगतो, ‘ती काही करीत नाही, घरीच असते.’ जगाच्या बाजारात सुरतेची साडी स्वस्त पडते, त्या स्वस्ताईत या ‘काही न करण्या’चा मोठा वाटा आहे.

१९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगची आठवण येथील पन्नाशीच्या माणसांस असेलच. वेड रोडच्या बाजूने बातमी आली आणि थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. रोगापेक्षा भयाने अधिक माणसे पळविली. तेव्हा पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य होते की, ही घाण बाहेरच्यांनी आणली, हे झोपडपट्टीवाले येथून हलवा. बाहेरचे म्हणजे कोण, हे आपणांस सांगावयास नको. सुरतेतीलच घनश्याम शहा या अभ्यासकाने पुढे १९९७ साली या प्लेगवर ग्रंथ लिहिला. शहर कसे वाढले, सार्वजनिक आरोग्याकडे आणि गरिबांच्या वस्त्यांकडे कसे दुर्लक्ष झाले, याचा विचार त्यात आहे. ज्या वस्तीत गटारच बांधले नाही, त्या वस्तीच्या घाणीस तेथील माणसाचा स्वभाव जबाबदार धरावयाचा, ही युक्ती जुनी आहे. नंतर काय घडले? १९९५ साली एस. आर. राव हे आयुक्त आले, कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी रस्त्यावर उतरले आणि दोनच वर्षांत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. माणसे तीच होती! स्वभाव बदलला नव्हता, व्यवस्था बदलली होती. समाजशास्त्राचा वर्गातील धडा याहून स्पष्ट देता येणार नाही.

मात्र सगळे बदलले असे समजू नये. २०२० साली महामारीची टाळेबंदी झाली तेव्हा एप्रिल महिन्यात याच शहरातील परप्रांतीय कामगार ‘आम्हांस घरी जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर आले. पंचवीस वर्षे या शहरात राबलेल्या मनुष्यास संकटात हे शहर आपले वाटले नाही, कारण त्याचे रेशनकार्ड, त्याचे मत, त्याचे म्हातारपण सारे दुसरीकडे होते. तापीच्या २००६ च्या ऑगस्टमधील महापुराने शहराचा बहुतेक भाग बुडविला. तो पूर निदान सर्वांचा होता. आपल्या मिठी खाडीचे पाणी मात्र बहुतेक सखल भागातच शिरते, आणि सखल जागी कोण राहतो? ज्यास उंच जागेचा भाव परवडत नाही तो. हवामान बदलते आहे, पाऊस एकदम कोसळतो आहे, हे सारे खरे. पण आभाळातून पडणारे पाणी जमिनीवर येताच माणसांची ऐपत पाहून वाट काढते.

आता भाषेकडे वळतो. सीमाभागातील मराठी बांधवांस यात अधिक रस वाटेल, कारण त्यांचा झगडा भाषेचा आहे. त्यांची आणि आपली स्थिती एक नव्हे. सीमेवरचा मराठी मनुष्य जागचा हलला नाही, सीमारेषा त्याच्या अंगावरून गेली. आपण सीमा ओलांडून आलो. तो म्हणतो, माझ्या भूमीत माझी भाषा चालली पाहिजे. आपणांस असे म्हणता येत नाही. तरी सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी यांच्या जोडीने. हे औदार्य मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण त्या शाळेत मूल घालावे की नाही, हा घरोघरचा वाद आहे. आजी अहिराणी बोलते, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि बापाचे स्वप्न इंग्रजी. प्रत्येक भाषेस एकेक दार आहे, आणि कोणत्या दारापलीकडे पगार आहे हे मुलास लवकर कळते. भाषेवरील प्रेम आटल्यामुळे घरची भाषा जाते असे मला वाटत नाही. ती उपयोगाच्या जागा एकेक करून गमावते.

आणि अहिराणीचे काय? जनगणनेच्या तक्त्यात ‘खानदेशी’ ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात धरली जाते. २०११ साली ती बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले गेले. म्हणजे याच सभेतील एका भावाने ‘मातृभाषा मराठी’ सांगितले असेल आणि दुसऱ्याने ‘अहिराणी’, तर सरकारदरबारी ते दोन भाषांचे लोक झाले! डांगात हाच प्रश्न गंभीर झाला. तेथील बोली मराठीच्या खात्यात घालावी की गुजरातीच्या, यावर १९५० च्या दशकात मोठा वाद झाला आणि १९६० साली डांग गुजरातेत गेला. डांगी मनुष्य घरी जे बोलत होता तेच बोलत राहिला. आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण माणूस मोजण्यापूर्वी कोणीतरी रकाना आखलेला असतो. तो कोणी आखला, हे विचारणे हा या शास्त्राचा भागच आहे.

आपल्या मराठी मुलखाने या शास्त्रास थोर माणसे दिली. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, पुढे मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी तो दीर्घकाळ चालविला. घुर्ये ग्रंथसंग्रहात रमले, इरावती कर्वे पायपीट करीत रानोमाळ हिंडल्या. मला स्वतःला दुसरी रीत अधिक भावते. सुरतेतच आय. पी. देसाई यांनी १९६९ साली समाजाभ्यासाची संस्था काढली, ती आज ‘सेंटर फॉर सोशल स्टडीज’ म्हणून ओळखली जाते. परंतु मराठी वस्तीचा मराठीतून, वस्तीतल्याच मुलांनी केलेला अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. यापुढे तरी तो व्हावा.

त्यास मोठे भांडवल लागत नाही. येथील महाविद्यालयात जाणाऱ्या दहा मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन गल्ल्या घ्याव्यात आणि घरोघर जाऊन एका वहीत लिहून काढावे. गाव कोणते, कोणत्या वर्षी सोडले, तेव्हा घरी जमीन किती आणि विहीर होती काय. सुरतेस पहिल्या रात्री कोणाच्या घरी उतरलात. पहिले काम कोणी लावून दिले. आज घरात कोण कोणते काम करते, आणि येथे घरातील बाईस समोर बसवून तिलाच विचारावे, तिच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये. मूल कोणत्या माध्यमात आहे, आजीशी कोणत्या भाषेत बोलते. खाडीचे पाणी घरात किती वेळा आले. गावची जमीन अद्याप आपल्या नावावर आहे काय, आणि सातबारा शेवटचा कोणी, कधी काढला.